पहाटे बसते, पण मन बसत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र वसई परिसरातल्या एका ताईंचं आहे. वय ५२. त्यांच्या विनंतीवरून त्यांचं नाव आणि गाव गाळलं आहे. त्या मुंबईत नोकरीला जातात. घरी नवरा, कॉलेजातला मुलगा आणि ऐंशी पार केलेल्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी आगमनकाळ (नाताळाआधीचे सुमारे चार आठवडे) सुरू होताना त्या तीन दिवसांच्या मौन रिट्रीटला, म्हणजे घरापासून दूर एकांतातल्या प्रार्थनेला, गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपेलमध्ये शाल पांघरून बसल्या असताना त्यांना फार शांत वाटलं, ‘प्रभू शेजारी येऊन बसल्यासारखं.’ तेव्हापासून थंडी पडली की त्या साडेचारला उठतात आणि अर्धा तास काही न बोलता प्रार्थनेत बसतात. पण ती शांतता पुन्हा आली नाही. डुलकी लागते, नाहीतर नाताळच्या करंज्या, ऑफिसचं काम, मुलाची फी असं सगळं डोक्यात फिरत राहतं. थंडीत सासूबाईंचा खोकला वाढतो आणि त्या नेमक्या त्याच वेळी हाक मारतात. ‘उठते, पण मनातून चिडते, आणि मग त्या चिडण्याचीच लाज वाटते,’ असं ताई लिहितात. सासूबाईंचं म्हणणं, रोझरी (मरियेची जपमाळ) सोडून हे गप्प बसणं कसलं? प्रार्थनागटातल्या मैत्रिणीने तर बजावलं आहे की मन रिकामं करून बसणं आपल्या धर्मातलं नाही, त्यातून भलतंच काही आत शिरतं. ताईंचे प्रश्न तीन: हे सोडून द्यावं का? चार दिवस घर सोडून पुन्हा रिट्रीटला जावं का? की आपली श्रद्धाच आटत चालली आहे?

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाने तुमची झोप उडवली असणार, म्हणून तो आधी घेऊ. तुमच्या पत्रावरून तरी तुमची श्रद्धा आटलेली मला दिसत नाही. देवाशी असलेलं नातं ज्याच्या लेखी संपलं, तो थंडीत साडेचारचा गजर लावत नाही, आणि प्रार्थना जमत नाही म्हणून चार पानांचं पत्रही लिहीत नाही.

हा नुसता दिलासा समजू नका. स्पेनमधले साधू क्रूसाचे संत योहान यांनी सोळाव्या शतकात याच कोरडेपणाबद्दल फार बारकाईने लिहून ठेवलं आहे. प्रार्थनेतली गोडी गेली तर ती आपल्या ढिलाईमुळे गेली की देव आपल्याला पुढे नेतो आहे म्हणून गेली, हे ओळखण्याच्या त्यांनी तीन खुणा दिल्या. एक, देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण इतर कशातही मन रमत नाही. दुसरी, आपण मागे पडतो आहोत, देवाची सेवा आपल्या हातून होत नाही, ही टोचणी सतत असते. तिसरी, पूर्वीसारखं चित्र डोळ्यांपुढे आणून मनन करणं जमेनासं होतं. तुमच्या पत्रात दुसरी खूण तर पानोपानी आहे. योहान हे ऐकीव गोष्टींवरून लिहीत नव्हते. १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातल्या विरोधकांनी त्यांना पकडलं आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत तोलेदोच्या मठातल्या एका अरुंद, अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवलं. हिवाळ्यातली प्रार्थना काय असते, हे त्यांना ठाऊक होतं.

ज्या प्रकरणात त्या तीन खुणा आहेत, त्यातच योहान आणखी एक गोष्ट मान्य करतात, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. असा कोरडेपणा शरीराच्या किंवा मनाच्या बिघाडामुळेही येऊ शकतो. म्हणून एक विनंती. पन्नाशीच्या आसपास झोप मोडणं, चिडचिड, थकवा, हुरहुर यांना पाळी जाण्याच्या काळातले बदल कारण असू शकतात, थायरॉइड किंवा रक्त कमी असणंही कारण असू शकतं. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. आणि उदासी दिवसभर पाठ सोडत नसेल, जेवण आणि माणसं नकोशी वाटत असतील, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ‘आत्म्याची काळोखी रात्र’ असं योहानांच्या ग्रंथाचं नाव देऊन ते अंगावर काढू नका. हे मी तुमच्यासारख्या प्रत्येक वाचकाला सांगेन, कारण आपल्याकडे भाविक बायका आजार प्रार्थनेच्या आड फार दिवस लपवतात.

आता त्या रिट्रीटकडे येऊ. ती पहाट तुम्ही ज्या तपशिलाने लिहिली आहे, शालीच्या लोकरीचा वास, बाहेर कोणीतरी अंगण झाडत असल्याचा आवाज, ती वाचून मलाही क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. ती देणगी होती, खरी होती. पण त्या तीन दिवसांत तुमच्याबाबत आणखी काय घडलं होतं ते पाहा. तुम्ही स्वयंपाक केला नाही. फोन जमा केला होता. रात्री साडेनऊला दिवे मालवले जात होते. लोकल नव्हती, डबा नव्हता, कोणाची औषधं नव्हती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तुमचं अंग पुरेसं झोपलं होतं. त्या शांततेतला काही भाग निव्वळ विश्रांतीचा होता. याने ती शांतता खोटी ठरत नाही, कारण विश्रांतीही देवानेच दिलेली आहे. पण रात्री साडेअकराला आडवं होऊन साडेचारला उठणाऱ्या देहाकडून तुम्ही तोच अनुभव मागता आहात, आणि तो आला नाही की दोष श्रद्धेला देता.

एलियाची गोष्ट आठवा. राजांच्या पहिल्या ग्रंथात, एकोणिसाव्या अध्यायात, तो रानात एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे झालं, मला मरण दे’ असं म्हणतो. होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर त्याने ऐकलेला तो मंद स्वर आपण प्रवचनांत नेहमी ऐकतो. त्याच्या आधी काय झालं ते मात्र घाईत वाचलं जातं. देवदूत आला, त्याने एलियाला निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं, आणि मगच प्रवास सुरू झाला. उपदेश नाही, कानउघाडणी नाही. तुम्हाला पहिला सल्ला हाच आहे की साडेचारचा गजर काढून टाका. निदान या आगमनकाळापुरता.

तुम्ही म्हणाल, मठांत तर अपरात्री उठतात. उठतात. फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरांत १०८४ साली संत ब्रुनोंनी सुरू केलेला ग्रान्द शार्त्रूज हा कार्थुझियन मठ अजून आहे. बर्फाने वेढलेला, मौनासाठी जगभर ओळखला जाणारा. तिथले साधू मध्यरात्री प्रार्थनेला उठतात, पण त्याआधी ते संध्याकाळीच झोपलेले असतात आणि प्रार्थना झाल्यावर पुन्हा झोपतात. आठवड्यातून एकदा सगळे मिळून लांब फिरायला जातात आणि वाटेत बोलतात. ज्यांनी मौनालाच आयुष्य वाहिलं, त्यांच्याही नियमात झोप आणि गप्पांना जागा आहे.

इथे मला तुमची एक समजूत थोडी तपासून पाहावीशी वाटते. हिवाळा म्हणजे शांतता, आणि आगमनकाळात मन आपोआप स्थिर व्हायला हवं, असं तुम्ही धरून चालला आहात. ज्या देशांत हे भक्तिसाहित्य बहुतांशी लिहिलं गेलं, तिथे डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, शेतं बर्फाखाली जातात, माणसं घरात कोंडली जातात. तिथे ऋतूच माणसाला गप्प करतो. वसईत डिसेंबर म्हणजे वाडीत भाजीपाल्याचा ऐन हंगाम, शाळांची स्नेहसंमेलनं, नाताळचे गोठे, कॅरलचा सराव, घराची रंगरंगोटी. आगमनकाळात लग्नं होत नाहीत, पण नाताळ झाला रे झाला की मांडव पडायला लागतात. आपला हिवाळा गजबजीचा आहे. त्यात शांत बसता येत नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

शुभवर्तमानात हिवाळ्याचा उल्लेख कुठे येतो पाहिलंत का? योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात. यरुशलेममध्ये मंदिराच्या पुनःस्थापनेचा सण होता, हिवाळा होता, आणि येशू मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरत होता. लगेच लोक त्याला घेरतात आणि खोदून खोदून विचारू लागतात. येशूचा तो हिवाळा असा सणाच्या गर्दीतला आहे. त्याचं पित्याशी असलेलं एकत्व त्या गर्दीत तुटत नाही. ‘मी आणि पिता एक आहोत’ हे तो याच प्रसंगी, त्याच गर्दीपुढे बोलतो.

तुमची खरी अडचण मला याच्याही पलीकडची वाटते. तुम्ही रोज प्रार्थना मोजता. बसलात की आतून कोणीतरी विचारतं: आलं का? त्या दिवसासारखं वाटतंय का? किती वेळ मन टिकलं? तुम्ही वहीत रोज ‘कसं वाटलं’ ते लिहून ठेवता हेही पत्रात आहे. ताई, या पाहणीमुळेच तुम्ही थकता आहात. उगवलं का ते पाहायला रोज बी उकरलं, तर ते रुजणार कधी? आविलाच्या संत तेरेजांनी प्रार्थनेला मैत्रीचा संवाद म्हटलं, ज्याचं आपल्यावर प्रेम आहे हे ठाऊक आहे त्याच्याशी केलेला. मैत्रिणीशेजारी बसल्यावर कोणी दर पाच मिनिटांनी मैत्रीची नोंद करत नाही. आणि याच तेरेजा आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगतात की काही वर्षं प्रार्थनेच्या तासाला त्यांचं सगळं लक्ष तास कधी संपतो याकडेच असायचं. पुढे चर्चने ज्यांना प्रार्थनेच्या आचार्या मानलं, त्यांची ही कबुली आहे. त्या कंटाळल्या, पण उठून गेल्या नाहीत.

तेव्हा वही बंद करा. नाताळपर्यंत एकही नोंद नको. काही पाहायचंच असेल तर दिवसाकडे पाहा: लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकून जागा दिली का, मुलाशी बोलताना आवाज खाली राहिला का. प्रार्थनेची पारख कृतीत होते, यावर तेरेजा शेवटपर्यंत ठाम होत्या.

मैत्रिणीच्या इशाऱ्याबद्दल. तिला उडवून लावू नका, तिच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. ख्रिस्ती मौन म्हणजे पोकळी नव्हे, ते कोणाच्या तरी समोर बसणं आहे. पण हे मौन बाहेरून आलं किंवा ‘आपलं नाही’, हे बरोबर नाही. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणारे ख्रिस्ती साधू हेच करत होते. जॉन कासियन त्यांच्यात राहून आले आणि त्यांनी ती रीत लिहून ठेवली: सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा, माझ्या साहाय्याला धावून ये, हीच उठता-बसता, काम करता मनात घोळवत राहायची. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना शतकानुशतकं श्वासाबरोबर चालत आली आहे. आणि कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात मौन चिंतनाला वेगळा विभागच दिला आहे. त्यात फ्रान्समधल्या आर्स गावच्या एका साध्या शेतकऱ्याची आठवण येते. तो चर्चमध्ये साक्रामेंतापुढे, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीपुढे, नुसता बसून असायचा. गावचे धर्मगुरू फादर जॉन व्हियान्नींनी विचारलं तर म्हणाला, मी त्याच्याकडे पाहतो आणि तो माझ्याकडे पाहतो. मैत्रिणीला हे सांगा. वाद घालायला नको, एवढंच सांगा.

योग, झेन अशा ध्यानपद्धतींबद्दल रोमने (व्हॅटिकनने) १५ ऑक्टोबर १९८९ रोजी बिशपांना एक सविस्तर पत्र लिहिलं होतं. इतर परंपरांतलं उपयुक्त ते घ्यायला त्यात मनाई नाही. मात्र ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकला जाऊ नये असं बजावलं आहे. त्यातला एक मुद्दा नेमका तुमच्यासाठी आहे. काही शारीरिक क्रियांनी आपोआप शांत, सैल वाटतं, पण ते वाटणं म्हणजेच पवित्र आत्म्याचं सांत्वन असं समजणं चूक आहे, असं ते पत्र म्हणतं. मी ते उलट्या बाजूनेही वाचतो: शांत वाटलं नाही म्हणून आत्मा तिथे नव्हता, असंही नाही. आपल्याकडे मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) फादर अँथनी डिमेलो यांनी १९७० च्या दशकात पुण्यात ही वाट अनेक धर्मगुरू-भगिनींना शिकवली: आधी अंगाची, श्वासाची, भोवतालच्या आवाजांची जाणीव, आणि त्यातूनच प्रार्थना. पुढे १९९८ मध्ये रोमने त्यांच्या लिखाणातल्या काही भागांबद्दल सावध केलं, तेही ठाऊक असावं. पण आवाजांशी भांडू नये, ते ऐकावेत आणि देवासमोर ठेवावेत, ही साधी गोष्ट अजूनही उपयोगी आहे. तुमच्या घरात तर फारच. पाण्याच्या पंपाचा आवाज, दूधवाल्याची घंटी, सासूबाईंचा खोकला.

आणि आता त्या हाकेबद्दल. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली.

येशूही पहाटे उठला होता. मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे: अंधार असतानाच तो उठला, एकांतात गेला, प्रार्थना करू लागला. आणि पुढच्याच ओवीत शिमोन आणि सोबती त्याला शोधत येऊन धडकतात: सगळे तुला शोधताहेत. त्याची पहाटही मोडली गेली. तो त्यांना रागावला असं मार्क लिहीत नाही, ‘चला’ म्हणून तो निघतो. सतराव्या शतकात संत व्हिन्सेंट डी पॉल आपल्या सेवाभगिनींना शिकवत असत की प्रार्थनेच्या वेळी गरिबाची हाक आली तर उठा, कारण तुम्ही देवाला सोडून देवाकडेच चालला आहात. सासूबाईंना उठवून बसवणं, पाठीला उशी लावणं, कोमट पाणी देणं, त्यांचा औषधाचा पंप हातात देणं, हे तुमच्या अर्ध्या तासात घुसलेलं विघ्न नाही. तो अर्धा तास त्यातच चालू राहू शकतो. पाणी तापेपर्यंत ओट्याशी उभं राहून एकदा ‘येशू’ म्हणा. पॅरिसच्या मठातले ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या खणखणाटात स्वयंपाकघरात हेच करायचे, आणि प्रार्थनेची ठरलेली वेळ आपल्याला इतर वेळांहून वेगळी वाटत नाही असं सांगायचे. अठराव्या वर्षी, हिवाळ्यात, पानं झडलेलं एक झाड पाहून आणि याला पुन्हा पालवी फुटणार हा विचार मनात येऊन त्यांचं आयुष्य बदललं होतं. त्या झाडावर त्या दिवशी हिरवं काहीच नव्हतं.

पण इथे थांबलो तर मी तुमच्यावर अन्याय करेन. बाईने उठावं, सेवा करावी आणि त्यातच देव पाहावा, हे आपल्या समाजात बायकांना सांगणं फार सोपं आहे. ताई, त्या घरात चार माणसं आहेत. सासूबाईंना पहाटे खोकला येतो हे तुमच्या नवऱ्याला माहीत आहे. त्या त्यांच्या आई आहेत. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, आजीला पाणी देऊ शकतो. तुमच्या चिडण्याचा काही भाग प्रार्थनेतला नाही, तो घरातल्या वाटणीतला आहे, आणि तिथे राग येणं रास्त आहे. नवऱ्याशी बोला. ‘मला प्रार्थना करू देत नाहीत’ असं म्हणू नका, ‘आठवड्यातले तीन दिवस पहाटे आईंकडे तुम्ही बघा’ असं दिवस ठरवून सांगा. सासूबाईंना फॅमिली डॉक्टरांकडेही न्या. थंडीत पहाटेचा खोकला दम्याचा असेल तर औषधांच्या वेळा बदलून फरक पडू शकतो, आणि घरातल्या सगळ्यांचीच रात्र बरी जाईल.

वेळेबद्दल माझं सुचवणं असं. सकाळी पंधरा मिनिटं, उजाडल्यावर, सासूबाईंचा चहा झाल्यानंतर. खुर्चीत ताठ पण अवघडून नाही, पायांखाली चटई, अंगावर शाल. थंडीने कुडकुडत बसण्यात काही पुण्य नाही. सुरुवातीला क्रूसाची खूण, आणि मग एकच शब्द. आगमनकाळात ‘मारानाथा’ घ्या. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी तो येतो, ‘प्रभू, ये’ ही पहिल्या ख्रिस्ती लोकांची हाक. बेनेडिक्टाइन साधू जॉन मेन यांनी विसाव्या शतकात हाच शब्द ध्यानासाठी सुचवला. किंवा नुसतं ‘येशू’ म्हणा. मराठी माणसाला नाम घेणं शिकवावं लागत नाही. मन भटकेल. करंज्यांकडे गेलं हे लक्षात आलं की शब्दाकडे परत या, स्वतःला न रागावता. पंधरा मिनिटांत शंभरदा भटकलं तर तुम्ही शंभरदा परत आलात, आणि परत येणं हीच त्या वेळेची प्रार्थना. झोप लागली तर लागू द्या. शेवटी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा आणि उठा. कसं झालं याचा विचार करू नका, डबा भरा.

दुसरी जागा लोकलची. नायगाव सुटलं की खाडीचा पूल येतो. पूल ओलांडेपर्यंत डोळे मिटून तोच शब्द. डब्यात गप्पा, भजन, भांडण काहीही चालू असो. दोन-चार मिनिटंच मिळतात, पण रोज मिळतात, आणि तिथे तुम्हाला कोणी हाक मारत नाही.

रोझरी सोडू नका. तुम्ही तिला मौनाची सवत समजू लागला आहात असं मला वाटलं. सासूबाई ज्या संथपणे मणी सरकवतात, मध्येच थांबतात, ओठ हलत राहतात, त्यात किती मौन आहे हे तुम्ही-आम्ही बाहेरून सांगू शकत नाही. मरियेबद्दल लूक लिहितो की ती या सगळ्या गोष्टी मनात ठेवून त्यांचं मनन करत होती, आणि रोझरीचं कामही तेच आहे. शनिवारी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून रोझरी म्हणा, तिच्यातली आनंदाची रहस्यं (येशूच्या जन्माच्या आणि बालपणाच्या प्रसंगांचं मनन), शांतपणे, घाई न करता. संपल्यावर लगेच दिवा लावायला उठू नका. त्यांना म्हणा, ‘आई, पाच मिनिटं अशाच बसू या, साक्रामेंताच्या आराधनेत बसतो तसं.’ त्यांना ते परकं वाटणार नाही. तुमच्या गप्प बसण्याला त्यांचा विरोध आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, आपल्याला वगळून सून देवाकडे चालली आहे, हे त्यांना खुपतं.

एक आधार शोधा. धर्मग्रामातले (आपल्या चर्चच्या हद्दीतले) फादर, एखाद्या अनुभवी सिस्टर, कोणीही, ज्यांच्याशी महिन्यातून एकदा प्रार्थनेबद्दल बोलता येईल. मौनात बसणाऱ्याने एकट्याने फार काळ चालू नये, आपल्याच मनाच्या खेळांना आपण देव समजू लागतो किंवा त्यांनाच घाबरतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांतल्या वाचकांसाठी हेच काम पाळक किंवा एखादी वडीलधारी बहीण करू शकेल. आणि रोझरीऐवजी एखादं लहान स्तोत्र, उदाहरणार्थ एकशे एकतिसावं, ज्यात जीव आईजवळच्या तान्ह्यासारखा निवांत होतो, ते सावकाश तीनदा वाचून गप्प बसता येईल.

राहिला रिट्रीटचा प्रश्न. जा, नक्की जा. पण डिसेंबरात नको, आणि ती पहाट परत आणायला म्हणून तर नकोच. त्या चॅपेलमध्ये तीच खुर्ची, तीच शाल घेऊन बसलात तर पुन्हा मोजणं सुरू होईल. नाताळ आणि घरातली लग्नकार्यं आटोपली की जानेवारीच्या शेवटी किंवा उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) लागायच्या आधी दोन-तीन दिवस काढा, जमल्यास दुसऱ्या एखाद्या ठिकाणी. आत्ताच नणंदेला विचारून ठेवा की ते दिवस ती आईंजवळ येऊन राहील का. नाव नोंदवताना दोन गोष्टी विचारा: प्रार्थनेसाठी मार्गदर्शक भेटतात का, आणि दुपारी झोपायला मोकळीक असते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरी जागा बघा.